स्वस्त कोण, आणि तें सांगणारा कोण?

गेल्या उन्हाळ्यांत आठ दिवस पारनेरास राहण्याचा योग आला. आमचें मूळ घर तेथलें. हल्लीं त्यांत आमच्या काकू एकट्याच राहतात. वय चौऱ्याहत्तर, दृष्टि उत्तम, जमाखर्चाची वही अद्यापि स्वतःच्या हातची, आणि उत्पन्न म्हणाल तर काका शिक्षक होते त्यांचें कुटुंब-निवृत्तिवेतन. दुपारची निजानीज झाल्यावर काकूंनीं आपला मोबाइल आमच्या हातीं दिला आणि म्हणाल्या, "हें जरा वाच पाहूं. इथं लिहिलं आहे, 'आपल्या भागांतील सर्वांत स्वस्त वीजपुरवठादार निवडा.' अरे, आपल्याकडे निवडायला दुसरा आहे तरी कोण?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा होता, पण आम्ही तो तसा नेला नाहीं. कारण त्याच मोबाइलवर त्याच तुलनासेवेनें दुसरीहि एक गोष्ट पाठविली होती. घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवून देणाऱ्या तीन कंपन्यांचीं दरपत्रकें तींत एकाखालीं एक मांडलेलीं होतीं. पहिल्या क्रमांकाच्या नांवापुढें एक सोनेरी तारा होता, आणि त्या ताऱ्याच्या भरंवशावर एक लक्ष आठ हजार रुपये मोजावयास काकू तयार झाल्या होत्या. बँकेंतली मुदतीची ठेव मोडण्याचा अर्जहि लिहून ठेवला होता. दिवस उरले होते चार. ते चार दिवस आम्ही पेन्सिल व वही घेऊन बसलों. त्यांतून जें हातीं लागलें तें आमच्या वाचकांच्या घरींहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम विजेचें पाहूं. पारनेरांत घरगुती वीज विकणारी कंपनी एकच, महावितरण. १९६० सालीं स्थापन झालेल्या राज्य विद्युत् मंडळाचे जून २००५ मध्यें भाग पाडण्यांत आले, त्यांत वांटपाचें काम हिच्या वांट्यास आलें. दर कंपनी आपल्या मर्जीनें ठरवीत नाहीं. राज्य वीज नियामक आयोग सुनावणी घेऊन तो ठरवितो, आणि पारनेरास जो दर तोच पाथर्डीस व तोच परभणीस. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतांना दिसतात. राळेगणसिद्धी तर तालुक्यांतलेंच गांव, तेथें शेतीस सूर्यविजेचा पुरवठा करण्याच्या राज्याच्या योजनेंतील आरंभींच्या प्रायोगिक प्रकल्पांपैकीं एक २०१७ सालीं हातीं घेण्यांत आला. परंतु ही सारी वीज तारांच्या जाळ्यांत मिसळते. डोंगरावरची वीज स्वस्त दिसली म्हणून ती निवडून घेण्याची सोय काकूंना नाहीं. तेव्हां त्यांच्या प्रश्नाचें खरें उत्तर 'दुसरा कोणी नाहीं' हेंच होय. मग तो मजकूर आला कोठून? आमचा तर्क असा कीं, जेथें घरोघर वीज विकणाऱ्या दहा-वीस कंपन्या आहेत अशा एखाद्या देशांतील जाहिरातीचें तें भाषांतर असावें. भाषांतरकारानें शब्द आणले, कंपन्या आणावयाच्या राहिल्या.

एकाच जिल्ह्यांत दोन पुरवठादार असण्याचा प्रसंग मात्र आमच्या नगर जिल्ह्यानें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरनें, पाहिलेला आहे. पारनेरच्या शेजारचा राहुरी तालुका, श्रीरामपूर, आणि लगतच्या तालुक्यांतील कांहीं गांवें यांना मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज पुरवीत असे. ग्रामीण विद्युतीकरणासाठीं देशांत ज्या पहिल्या पांच प्रायोगिक सहकारी संस्था निघाल्या त्यांपैकीं ही एक. हुकेरी, कोडीनार, सिरसिला व लखनौ येथील संस्था या तिच्या भगिनी. जानेवारी २०११ अखेर तिचा परवाना संपला आणि १ फेब्रुवारीपासून तो मुलूखहि महावितरणाकडे आला. ही हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, जिल्ह्यांत दोन पुरवठादार असूनहि त्या चाळीस वर्षांत कोणा गृहस्थास 'हा नको, तो द्या' असें म्हणतां आलें नाहीं. तुमचें घर हद्दीच्या कोणत्या बाजूस आहे यावर तुमचा पुरवठादार ठरे. दुकानें दोन असलीं म्हणजे गिऱ्हाइकास निवड मिळतेच असें नाहीं.

खरी निवड मिळाली ती मुंबईच्या उपनगरांतील लोकांना. जुलै २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें टाटा कंपनीस तेथील लहान ग्राहकांनाहि वीज विकण्याचा अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि ऑक्टोबर २००९ मध्यें आयोगानें जुन्याच तारांवरून पुरवठादार बदलण्याची रीत घालून दिली. तेथें त्या वेळीं दुसरी कंपनी रिलायन्स; २०१८ सालीं तो व्यवसाय अदानींकडे गेला. दर कमी म्हणून पुष्कळ ग्राहक टाटांकडे गेले; पुढें बदललेल्यांवर अधिभार बसला, दरांचीहि उलटापालट झाली, तेव्हां कित्येक परत फिरले. ज्यानें एका वर्षाचें दरपत्रक पाहून निर्णय घेतला त्याची तुलना त्या वर्षापुरतीच खरी ठरली. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मुंबईस टाटांची वीज मिळावी म्हणून मुळशीस धरण बांधलें गेलें, मावळांतील गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि त्याविरुद्ध १९२१ पासून जो सत्याग्रह झाला त्याचे सेनापति पांडुरंग महादेव बापट हे जन्मानें पारनेरचे. युनिटाच्या दराचा तक्ता करतांना तसला रकाना कोणी आंखीत नाहीं.

आतां काकूंच्या बिलाकडे वळूं. पुरवठादार एक असला तरी तुलना अजीबात संपत नाहीं. ती घरांत येते. काकूंची स्वयंपाकाची शेगडी गॅसची. गॅसच्या सिलिंडरांत तर भावाची तुलना करण्यासारखें कांहींच नाहीं, कारण तिन्ही सरकारी तेल-कंपन्यांचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर एका गांवांत एकाच भावानें मिळतो. फरक असतो तो वितरकाच्या वागणुकींत: सिलिंडर सांगितल्यावर किती दिवसांनीं येतो, आणणारा वजन करून देतो कीं नाहीं, पावतीबाहेर कांहीं मागतो काय. वितरक पसंत नसल्यास जवळच्या दुसऱ्या वितरकाकडे, प्रसंगीं दुसऱ्या कंपनीकडेहि, जोडणी नेण्याची मोकळीक जानेवारी २०१४ पासून देशांतील बहुतेक जिल्ह्यांना मिळाली. पण गांवांत वितरकच एक असेल तर ती मोकळीक कागदावरच राहावयाची.

पण त्याच तुलनासेवेनें काकूंना असेंहि कळविलें होतें कीं, गॅसपेक्षां विजेची इंडक्शन शेगडी स्वस्त पडते. हें खरें कीं खोटें? आम्हीं असा हिशेब मांडला. एका सिलिंडरांतल्या गॅसमध्यें सुमारें १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या गॅसच्या शेगडींत तिच्यापैकीं शेंकडा ६८ भाग भांड्यास लागतो, बाकीची बाजूनें निघून जाते. इंडक्शन शेगडींत सुमारें ८५ भाग लागतो. म्हणजे एका सिलिंडराचें काम करावयास सुमारें १४५ युनिटें वीज लागेल. सिलिंडराच्या किंमतीस १४५ नें भागावें. जो आंकडा येईल त्याहून युनिट स्वस्त असेल तर वीज परवडली, महाग असेल तर गॅस. सिलिंडर ८७० रुपयांस पडतो असें धरल्यास हा आंकडा बरोबर सहा रुपये येतो.

आतां युनिटाचा भाव कोणता धरावयाचा? तुलनासेवेनें काकूंच्या बिलाची सरासरी धरली होती, आणि फसगत नेमकी येथें होते. विजेचे दर टप्प्याटप्प्यांनीं चढतात. २०२४-२५ च्या दरपत्रकांत पहिल्या शंभर युनिटांस वीज व वहन आकार मिळून सुमारें सहा रुपये होते, तर शंभरापासून तीनशेंपर्यंतच्या युनिटांस सुमारें साडेअकरा. काकू महिन्यास सत्तर युनिटें वापरतात. त्यांचें प्रत्येक युनिट पहिल्या टप्प्यांतलें. परंतु इंडक्शन शेगडी आणली म्हणजे तिचीं युनिटें या सत्तरांच्या डोक्यावर जाऊन बसणार. काकूंना एक सिलिंडर दोन महिने पुरतो. म्हणजे महिन्यास आणखी बहात्तर युनिटें. त्यांतलीं तीस पहिल्या टप्प्यांत बसतील, त्यांचे १८० रुपये. उरलेलीं बेचाळीस दुसऱ्या टप्प्यांत, त्यांचे ४८३. बेरीज ६६३, आणि तीवर शेंकडा सोळा वीज शुल्क मिळवितां झाले ७६९. इकडे अर्ध्या सिलिंडराचे ४३५. तुलनासेवा ज्या शेगडीस स्वस्त म्हणत होती ती काकूंना दरमहा सवातीनशें रुपयांनीं महाग पडली असती!

येथें न्यायाची गोष्ट अशी कीं, सेवेनें खोटा आंकडा एकहि दिलेला नव्हता. दर खरा, शेगडीची कार्यक्षमता खरी. चूक होती ती ज्याचा भाव करावयाचा तें युनिट ओळखण्यांत. नवा खर्च अंगावर घेतांना, आज आपण देतों तो सरासरी दर पाहून उपयोग नाहीं. यापुढें वाढणारें युनिट ज्या दरानें येईल तो दर पाहावयास हवा. आमच्या गृहिणी पाहुणे आल्यावर दुधाचा हिशेब करतात तो असाच करतात. रतिबाच्या दुधाचा भाव त्या धरीत नाहींत, ऐन वेळीं बाजारांतून आणाव्या लागणाऱ्या पिशवीचा धरतात.

मोबाइलविषयीं फार लिहीत नाहीं, कारण तेथें निवड खरोखरीच आहे आणि बहुतेक वाचक तींत मुरलेले आहेत. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलतां कंपनी बदलतां येते, व दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१८ पासून सर्व कंपन्यांचे दर एके ठिकाणीं पाहण्याची सोय केली आहे. फक्त दोन गोष्टी काकूंच्या वहींत आम्हांस सुधाराव्या लागल्या. त्यांचा रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा होता आणि वहींत तो 'दरमहा' म्हणून लिहिलेला होता. अठ्ठावीस दिवसांचे महिने वर्षांत बारा नसतात, तेरा असतात. म्हणजे वर्षाकांठीं एक रिचार्ज वहींतून कायमचा निसटत होता. दुसरें, काकू मोबाइलवर बोलतात व बँकेचे संदेश वाचतात. तुलनेच्या तक्त्यांत मात्र त्यांना रोजच्या दोन जीबी डेटाच्या योजना 'सर्वोत्तम मोल' म्हणून दाखविल्या होत्या. केवळ बोलणें व संदेश यांसाठीं वेगळी योजना कंपन्यांनीं ठेवावी असा नियम डिसेंबर २०२४ मध्यें झाला, आणि पुढील महिन्यापासून तशा योजना मिळूं लागल्या. ती योजना तक्त्याच्या पार तळाशीं होती. आणि आमच्या घराच्या हातभर जाडीच्या भिंतींतून कोणत्या कंपनीचा आवाज नीट येतो हें कोणत्याच तक्त्यांत नव्हतें. तें शेजारच्या वहिनींनीं सांगितलें.

आतां या तुलना करणारांकडे वळूं. एक पक्ष म्हणतो, हे सगळे दलाल. जो जास्त पैसे देईल त्याचें नांव वर. दुसरा पक्ष म्हणतो, यंत्र कशाला लबाडी करील? दोन्ही पक्ष घाईचे आहेत. मध्यस्थानें मोबदला घ्यावा यांत गैर कांहीं नाहीं. नगरच्या बाजारांत अडत्या असतो; आमच्याकडे लग्न जमविणारे गृहस्थ असत, त्यांनाहि धोतरजोडी मिळे. ती धोतरजोडी वरपक्षाकडून मिळते कीं वधूपक्षाकडून, एवढें ठाऊक असलें म्हणजे त्यांच्या बोलण्याचें वजन बरोबर करतां येतें. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणानें २०१७ सालीं या विषयाची मोठी पाहणी प्रसिद्ध केली, तिचाहि कल असाच होता: अशा सेवांनीं ग्राहकांचें एकंदरींत हित होतें, मात्र त्या पैसे कसे मिळवितात, किती विक्रेते तपासतात, हें त्यांनीं उघड सांगितलें पाहिजे.

न सांगितल्यास काय होतें याचें उदाहरण ऑस्ट्रेलियांत घडलें. तेथें वीज विकणाऱ्या कंपन्या अनेक, आणि त्यांची तुलना करणारी आयसिलेक्ट ही नांवाजलेली सेवा. आपल्याशीं संबंध असलेल्या विक्रेत्यांच्या सर्व योजना आपण तपासतों व सर्वांत योग्य ती सुचवितों असें ती सांगे. प्रत्यक्षांत विक्रेत्यांशीं झालेल्या करारांमुळें कित्येक योजना तिच्या यादींत येतच नसत. ऑक्टोबर २०२० मध्यें तेथील न्यायालयानें तिला पंचाऐशीं लक्ष डॉलरांचा दंड केला. त्या काळांत तिच्याकडून तुलना करून घेतलेल्यांपैकीं सुमारें शेंकडा ३८ जणांना अन्यत्र, किंवा सरकारच्या फुकट तुलनासेवेंत, शोध केला असता तर अधिक स्वस्त योजना मिळूं शकली असती, असें ग्राहक आयोगानें सांगितलें. पण या आंकड्याची दुसरीहि बाजू आहे. उरलेल्या बासष्टांना त्याहून स्वस्त असें बाहेर कांहीं मिळालें नसतें. लबाडी सिद्ध झालेली सेवासुद्धां निम्म्याहून अधिकांना बरोबर वाट दाखवीत होती. आपण बासष्टांतले कीं अडतिसांतले हें मात्र तिच्या यादीवरून कळण्यास मार्ग नव्हता.

ब्रिटनचा आणखी एक अनुभव नोंदण्यासारखा आहे. तेथें घरगुती विजेचा व गॅसचा व्यापार गेल्या शतकाच्या अखेरीस खुला झाला. पुरवठादार दरसाल बदलावा ही तेथील सुज्ञ गृहस्थाची खूणच होऊन बसली. मग २०२१ च्या शरदांत गॅसचे घाऊक भाव कडाडले, पंचवीसांहून अधिक लहान पुरवठादार बुडाले, आणि सरकारी मर्यादेच्या दराहून स्वस्त अशी योजना बाजारांत उरलीच नाहीं. जे पुरवठादार स्वस्तपणामुळें यादींच्या शिरोभागीं झळकले होते त्यांतले कित्येक बुडालेल्यांत होते. भावाच्या यादींत पुरवठादाराची ऐपत लिहिलेली नव्हती.

आपल्याकडे या मध्यस्थांवर अंकुश नाहीं असें नाहीं. विम्याच्या पॉलिसींची तुलना करणाऱ्या संस्थांनीं पॉलिसींना क्रमांक वा तारे देऊं नयेत असा विमा नियामकाचा २०१७ चा नियम आहे. पैसे घेऊन शिफारस करणारानें तो संबंध उघड करावा अशी मार्गदर्शक तत्त्वें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जून २०२२ मध्यें काढलीं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें ग्राहकास चकविण्याचे तेरा प्रकार नांवानिशीं मांडून ते वर्ज्य ठरविले. खोटी घाई करणें, आरंभीं कमी भाव दाखवून शेवटीं वाढविणें, जाहिरातीस माहितीचा वेष देणें हे त्यांतले. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. छतावरच्या पॅनेलांस मात्र तारे लावण्यास कोणी हरकत घेतलेली आम्हांस आढळली नाहीं.

त्या सोनेरी ताऱ्याकडेच आतां परत येऊं. आम्हीं तुलनासेवेस दूरध्वनि केला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिनें आढेवेढे न घेतां सांगितलें कीं सौदा झाल्यावर विक्रेता आम्हांस ठराविक रक्कम देतो, आमच्याकडे नोंदलेलेच विक्रेते आम्ही दाखवितों, आणि क्रम लावतों तो दर किलोवॅटच्या किंमतीवरून. इतका सरळ जबाब मिळेल अशी आमची अपेक्षा नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. पण त्या शेवटच्या वाक्यांतच सगळी ग्यानबाची मेख होती. दर किलोवॅटचा भाव मोठ्या संचांत नेहमींच कमी पडतो. लाडूंचा घाणा मोठा काढला म्हणजे लाडवामागें खर्च कमी, तसेंच हें. म्हणून तीन किलोवॅटचा, १,८६,००० रुपयांचा संच पहिला आला. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेंत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागें ३०,००० व तीन किलोवॅट अथवा त्यावर एकंदर ७८,००० रुपये साहाय्य मिळतें. तें वजा जातां १,०८,००० उरत होते. मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा हाच. साहाय्य मागाहून बँकेंत जमा होतें आणि आरंभीं सबंध रक्कम उभी करावी लागते, ही गोष्ट बारीक अक्षरांत होती.

काकूंची गरज किती? एक किलोवॅटचें पॅनेल आपल्याकडच्या उन्हांत महिन्यास सरासरीनें सुमारें १२० युनिटें देतें. काकूंचा वापर सत्तर. तीन किलोवॅट म्हणजे ३६० युनिटें! दिवसा तयार झालेलीं युनिटें जमा व रात्रीं वापरलेलीं खर्चीं असा हिशेब नेट मीटर ठेवतो हें खरें. पण वर्षअखेर जीं शिल्लक राहतात त्यांना मिळणारा दर, घरीं वाचलेल्या युनिटाच्या मोलापेक्षां पुष्कळच कमी असतो. सत्तर युनिटांचे शुल्कासह महिन्यास सुमारें ४९० रुपये वाचणार, वर्षास ५,८८०. एक लक्ष आठ हजार फिटावयास अठरा वर्षें. काकूंनीं आमच्या खांद्यावरून वहींत डोकावून पाहिलें. "म्हणजे मी ब्याण्णवाची झालें कीं फायद्यांत यायची," त्या म्हणाल्या. "मग त्या वेळीं घ्यायचा पेढा आत्तांच घेऊन ठेवूं का?"

दोष सर्वस्वीं त्या सेवेचा होता काय? फॉर्मवर तिनें छताचें क्षेत्रफळ विचारलें, काकूंनीं तें प्रामाणिकपणें भरलें. छत मोठें, म्हणून संच मोठा. महिन्याचीं युनिटें विचारणारा रकानाहि होता, पण तो ऐच्छिक, आणि काकूंनीं तो कोरा सोडला होता. तो भरून आम्हीं पुन्हां यादी मागविली. तिच्यांत एक किलोवॅटचा संच ७२,००० रुपयांस, म्हणजे साहाय्य वजा जातां ४२,००० रुपयांस, तळाशीं आला. शिवाय सूर्यघर योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर विक्रेत्यांची जी नोंदणी आहे तींत नगरचा एक विक्रेता सांपडला. तुलनासेवेच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. त्यानें ७६,००० सांगितले, म्हणजे चार हजार जास्त. पण शेजारच्या आळींत त्यानें दोन वर्षांपूर्वीं पॅनेलें बसविलीं आहेत, आणि वादळांत एक चौकट हलली तेव्हां तिसऱ्या दिवशीं त्याचा माणूस येऊन गेला, हें आम्ही त्या घरीं जाऊन विचारून आलों.

आतां गंमत पाहा. मघाशीं ज्या इंडक्शन शेगडीस आम्हीं महाग ठरविलें तिचा हिशेब छतावर पॅनेल आल्याबरोबर फिरतो. एकशेंवीसांतून सत्तर गेलीं, पन्नास युनिटें उरलीं. तीं कवडीमोलानें सोडण्यापेक्षां चुलीस लावलेलीं बरीं. काकूंना आम्हीं सगळा स्वयंपाक विजेवर करा असें सुचवून पाहिलें. "फुलका विस्तवावर फुगायला हवा," एवढेंच उत्तर मिळालें, आणि त्यापुढें आमची पेन्सिल चालली नाहीं. तडजोड अशी ठरली कीं भात, वरण, दूध व चहा इंडक्शनवर, फुलके व भाकरी गॅसवर. म्हणजे महिन्यास छत्तीस युनिटें जास्त, तींहि छतावरचींच. आणि सिलिंडर दोन महिन्यांऐवजीं चार महिने पुरणार. विजेचे ४९० व गॅसचे सुमारें २१७ मिळून महिन्यास सातशेंच्या वर वाचतात. शेगडीची किंमत व बारीकसारीक आकार सोडले तर नगरच्या विक्रेत्याचे ४६,००० साडेपांच वर्षांत फिटतात. तुलनासेवेनें दाखविलेल्या कोणत्याहि ओळींत हें उत्तर नव्हतें. पण ती यादी आली नसती तर आम्ही वही उघडलीच नसती, हेंहि तितकेंच खरें.

चार हजारांवरून मात्र घरांत दोन पक्ष पडले. आमची मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, वस्तु तीच, हमी तीच, पंचवीस वर्षांचें आश्वासन दोघांचेंहि छापील. मग जास्त कां द्या? तिचें म्हणणें आम्हांसहि पटत होतें. काकूंचें म्हणणें असें कीं आश्वासन छापील असतें, शिडी घेऊन येणारा माणूस खरा असावा लागतो, आणि पुण्याहून शिडी येत नाहीं.

अखेर नगरच्या विक्रेत्यास होकार गेला आहे. ठेव मोडण्याचा अर्ज फाडून नवा, लहान रकमेचा लिहिला. परंतु मागच्या छताच्या एका कोपऱ्यांतून गेल्या पावसाळ्यांत ओल आली होती; तें दुरुस्त झाल्याविना वर भार घालावयाचा नाहीं असें गवंड्यानें बजावलें असल्यानें काम दसऱ्यानंतरवर गेलें आहे. त्या तुलनासेवेचा संदेश अद्यापि दर आठवड्यास येतो, कीं सोनेरी ताऱ्याच्या कंपनीची खास सवलत आज मध्यरात्रीं संपत आहे. काकू तो वाचतात, जमाखर्चाच्या वहीच्या मागल्या पानावर तारीख टिपून ठेवतात, आणि मोबाइल उशाखालीं ठेवून निजतात.